तुरुंगांतील औषधाची पुडी

मराठी वाङ्मयावर तुरुंगाचें जेवढें ऋण आहे, तेवढें दुसऱ्या कोणत्याही सरकारी इमारतीचें नसेल. डोंगरीच्या तुरुंगांत टिळक व आगरकर यांनीं १८८२ सालीं काढलेल्या १०१ दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुस्तकरूपानें दिली. 'गीतारहस्य' मंडालेच्या कोठडींत लिहून झालें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर जीं प्रवचनें केलीं तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं, आणि पुढल्याच वर्षीं नाशिकच्या तुरुंगांत गुरुजींनीं 'श्यामची आई' लिहिली. असा वारसा ज्या वाचकवर्गाच्या पदरीं आहे, त्याला तुरुंगाच्या भिंतीआड काय चालतें याची थोडीबहुत जिज्ञासा असावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे. परंतु कोठडींत लिहिलेल्या ग्रंथावर आम्ही घटकाघटका बोलतों, आणि कोठडींतल्या माणसाच्या पोटांत वेळेवर औषध जातें कीं नाहीं हा प्रश्न मात्र आमच्या मनाला शिवत नाहीं. मंडालेस टिळकांना मधुमेहाचा त्रास होता. त्या काळीं इन्शुलिन जगाला ठाऊकच नव्हतें. तें सांपडलें १९२१ सालीं, म्हणजे टिळकांच्या निधनानंतर. तेव्हां पथ्य हाच काय तो उपाय होता. आज इन्शुलिन तालुक्याच्या गांवीं विकत मिळतें. आणि म्हणूनच आज ज्या कैद्याला तें वेळेवर मिळत नाहीं, त्याचे हाल दैवाच्या माथीं मारतां येत नाहींत.

तुरुंगांतील आरोग्याची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा एकाच मुद्यावर येऊन थांबते: डॉक्टर कमी आहेत. ही तक्रार खरी आहे. तुरुंगांत ३०० कैद्यांमागें एक डॉक्टर असावा असा दंडक असतां देशांत सरासरीनें ७७५ कैद्यांमागें एक डॉक्टर आहे, असें 'इंडिया जस्टिस रिपोर्ट'नें २०२५ सालीं दाखवून दिलें. पण डॉक्टरांचा आंकडा उद्यां पुरा झाला, तरी एक जागा रिकामीच राहील, आणि तिच्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं. डॉक्टरची चिठ्ठी आणि कैद्याचें तोंड यांच्यामध्यें जें अंतर आहे, तें कोण सांभाळतो? त्या अंतरावर उभा राहणारा जाणता माणूस आमच्या तुरुंगांना हवा आहे, आणि तो बुलढाण्यासारख्या जिल्ह्यालाही मिळूं शकतो, एवढेंच या लेखांत आम्हांस सांगावयाचें आहे.

त्या माणसाला इंग्रजींतून आलेलें नांव 'क्लिनिकल फार्मासिस्ट' असें आहे. आम्ही येथें त्यास औषधज्ञ म्हणूं. दुकानाच्या फळीमागें उभें राहून पाकिटें मोजून देणारा तो हा नव्हे. रोग्याजवळ जाऊन, त्याचीं सारीं औषधें एका कागदावर मांडून, कोणतें औषध कोणत्या औषधाशीं भांडतें, कोणाची मात्रा या रोग्याच्या वयाला व मूत्रपिंडाला झेपणार नाहीं, कोणतें जेवणाआधीं द्यावें आणि कोणतें नंतर, याचा विचार करून डॉक्टरला वेळींच सावध करणारा हा मनुष्य. आमच्या देशांत ही विद्या उशिरां आली. औषधव्यवसायाला स्वतंत्र शिक्षण व शिस्त नाहीं, हें १९३०–३१ सालच्या चोप्रा समितीनें उघड केलें. १९४८ सालीं फार्मसी कायदा झाला. आणि रुग्णशय्येपाशीं काम करावयास शिकविणारा सहा वर्षांचा 'फार्म. डी.' अभ्यासक्रम २००८ सालीं सुरू झाला. म्हणजे आज या विद्येंत तयार झालेली पिढी देशांत आहे. तिला तुरुंगाच्या दाराशीं मात्र कोणीं बोलावलेलें नाहीं.

आतां कैदी म्हणजे कोण, तें आधीं नीट पाहूं. कारण सारा गैरसमज तेथूनच सुरू होतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आंकड्यांप्रमाणें देशांतील १,३३० तुरुंगांत ४,३६,२६६ माणसांची सोय होती आणि तेथें ५,७३,२२० माणसें कोंबलेलीं होतीं. त्यांपैकीं ४,३४,३०२, म्हणजे दर चारांत तीन, हे कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची म्हण आम्ही हंसत हंसत वापरतों. येथें चोर कोण व संन्यासी कोण हें ठरावयाच्या आधींच दोघांचींही औषधें बंद पडण्याचा प्रसंग आहे. त्याच वर्षीं देशांतील तुरुंगांत १,९९५ माणसें मेलीं, आणि त्यांतील १,७७३ मृत्यु 'नैसर्गिक' या सदराखालीं नोंदले गेले. या शब्दाचा आम्हांस मोठा अचंबा वाटतो. क्षयाच्या गोळ्या मध्येंच तुटल्या आणि मनुष्य गेला, तर तो मृत्यु नैसर्गिक; फेफऱ्याचें औषध अटकेच्या रात्रीं घरीं राहिलें आणि मनुष्य गेला, तरी नैसर्गिकच. निसर्गाच्या नांवावर इतकें खर्चीं टाकणें सोपें आहे, कारण निसर्ग उलट जबाब देत नाहीं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. घाटावर आणि घाटाखालीं असे या जिल्ह्याचे दोन भाग जनतेच्या तोंडीं आहेत, आणि त्यांचे रोगही थोडेफार निराळे आहेत. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा, विशेषतः जळगांव जामोद व संग्रामपूर हे तालुके, मूत्रपिंडाच्या विकारानें वर्षानुवर्षें गांजलेले आहेत. समजा, संग्रामपूर तालुक्यांतील एक पन्नाशीचा कास्तकार बांधावरून झालेल्या मारामारींत पकडला गेला. त्याला रक्तदाब आहे, पायांवर सूज येते, मूत्रपिंडें निम्मीं थकलेलीं आहेत. पण हें त्याला स्वतःलाही नीट ठाऊक नाहीं. त्याला ठाऊक एवढेंच कीं सकाळीं एक पांढरी गोळी व एक पिवळी घ्यावयाची. गोळ्यांचें पाकीट घरीं कोनाड्यांत राहिलें. तुरुंगांत दाखल होतांना त्याची तपासणी झाली, रक्तदाब वाढलेला दिसला, एनालाप्रिल मिळालें. सूज दिसली म्हणून लघवी वाढविणारी गोळी मिळाली. चार दिवस फरशीवर निजून कंबर धरली, तेव्हां दुसऱ्या कोणीं त्याला डायक्लोफिनॅक दिलें. यांतील प्रत्येक गोळी आपापल्या जागीं निर्दोष आहे, आणि देणाऱ्यांपैकीं कोणाचाही हेतु वाईट नाहीं. पण हीं तीन औषधें एकत्र आलीं म्हणजे थकलेलें मूत्रपिंड एकाएकीं बंद पडण्याचा धोका असतो, हें औषधशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. तें सांगणारा मनुष्य तेथें नसेल, तर तीन बऱ्या गोळ्यांनीं एक बरा माणूस मरेल, आणि कागदावर तो मृत्यु 'नैसर्गिक' ठरेल.

आणखी उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं कोरकू, भिलाला वगैरे लोकांच्या वस्त्या आहेत. आदिवासी समाजांत रक्तांतील 'जी-सिक्स-पी-डी' या विकराची उणीव अधिक आढळते. अशा माणसाला हिंवतापावरील प्रायमाक्विन न तपासतां चौदा दिवस दिलें तर त्याच्या रक्ताच्या तांबड्या पेशी फुटूं लागतात. क्षयाचें तर विचारावयास नको. दाटीवाटीच्या बराकींत तो बाहेरच्यापेक्षां कितीतरी पटीनें फैलावतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हें मोठें गुणी औषध खरें, पण तें दुसऱ्या अनेक औषधांचें बळ हिरावून घेतें. एच. आय. व्ही.च्या रोग्याला तें चालू असतां डोल्युटेग्रॅव्हिर दिवसांतून एकदां न देतां दोनदां द्यावें लागतें. फेफऱ्याच्या रोग्याच्या फेनिटॉइनचें प्रमाण क्षयावरील दुसऱ्या औषधानें, आयसोनियाझिडनें, वाढतें. ही कुंडली मांडणें धांवत्या डॉक्टरचें काम नव्हे. शंभर रोगी दाराशीं उभे असतां त्याला नाडी पाहण्यास वेळ पुरत नाहीं. तो गोळ्यांची पत्रिका कधीं जुळविणार?

शिवाय तुरुंगाचें घड्याळ निराळें असतें. बाहेरचा माणूस रात्रीं आठ-नऊ वाजतां जेवतो. तुरुंगांत सूर्यास्ताच्या आधींच भाकरी खाऊन बंदी व्हावी लागते, आणि बराकीचें कुलूप सकाळींच उघडतें. रात्रीं जेवणाआधीं टोंचावयाचें इन्शुलिन मग केव्हां टोंचावें? संध्याकाळीं पांच वाजतां टोंचलें आणि मनुष्य धड जेवला नाहीं, तर मध्यरात्रीं साखर उतरून तो घामाघूम होतो; तेव्हां कुलुपाबाहेरचा पहारेकरी त्याला नाटकी समजतो. इन्शुलिन २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें लागतें. मे महिन्यांतील घाटाखालच्या उन्हाळ्यांत तें टेबलाच्या खणांत ठेवणें म्हणजे पाणी टोंचण्याच्या मार्गास लागणें. या बाबी बारीक आहेत हें कबूल. पण माणसें याच बारीक बाबींनीं जगतात आणि मरतात.

कायद्यानें याविषयीं काय केलें तें पाहण्यासारखें आहे. १८९४ सालच्या तुरुंग कायद्यावर आमच्या तुरुंगांची सव्वाशें वर्षांची घडण झाली. त्या कायद्यांत 'मेडिकल सबॉर्डिनेट' या शब्दाची व्याख्या करतांना सहाय्यक सर्जन व पात्र हॉस्पिटल असिस्टंट यांच्या जोडीला 'अपोथेकरी' हा शब्द स्पष्ट घातलेला होता. पण त्याच कायद्याचें ३८ वें कलम वाचा. वैद्यकीय अधिकाऱ्यानें कैद्याविषयीं दिलेली प्रत्येक सूचना रोजच्या रोज कैद्याच्या तिकिटावर लिहावी, ती पाळली कीं नाहीं हें जेलरनें तिच्यापुढें नमूद करावें, असें तें कलम बजावतें. आणि अपवाद कोणता? औषधें देण्याविषयींच्या हुकुमांचा! कैद्याला जादा कांबळें द्यावें, हलकें काम द्यावें, दूध द्यावें, याची नोंद झालीच पाहिजे. औषध मात्र त्या तिकिटावर चढलें नाहीं तरी चालेल. औषधाचा हिशेब दवाखान्याच्या वहींत राहील असें कायदा करणाऱ्यांनीं मानलें असेल. परंतु दवाखान्याची वही साठ्याची असते, माणसाची नसते. इतक्या गोळ्या आल्या, इतक्या गेल्या, हें ती सांगते. अमक्याच्या पोटांत अमकी गोळी अमक्या वेळीं गेली, हें ती सांगत नाहीं. केंद्र सरकारनें २०२३ सालीं या जुन्या कायद्याच्या जागीं नवा नमुना-कायदा राज्यांपुढें ठेवला. कायद्याचीं पुस्तकें बदलतील; पण सव्वाशें वर्षें हाडीं मुरलेली संवय पुस्तकाबरोबर बदलत नसते.

बाहेर पाहावें तर न्याय उलटा आहे. डॉक्टर आपल्या रोग्याला आपल्या हातानें औषध देऊं शकतो. पण त्याच्या चिठ्ठीवरून औषध काढून देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्यावांचून कोणास नाहीं, असें १९४८ च्या कायद्याचें ४२ वें कलम सांगतें. चिखलीच्या वा खामगांवच्या बाजारांत एखाद्या दुकानदारानें औषधनिर्माता हजर नसतां पुडी बांधली, तर तो गुन्हा ठरतो. त्या दुकानांतून उठून जाण्याची, दुसरें दुकान पाहण्याची, शेजारच्या शिकलेल्या पोराकडून पाकिटावरचें नांव वाचून घेण्याची मुभा गिऱ्हाईकाला असते, तरीही कायदा त्याचें एवढें रक्षण करतो. मग ज्याला उठून जातां येत नाहीं, दुसरें दुकान पाहतां येत नाहीं, पाकीटही हातीं मिळत नाहीं, त्याला शिपायाच्या किंवा जुन्या कैद्याच्या तळहातावरून गोळी घ्यावी लागली, तर तेथें या कायद्याचा हेतु कोठें गेला?

हा दोष कल्पनेंतला आहे असें कोणास वाटेल, म्हणून दोन प्रसंग सांगतों. २०१८ च्या जुलैंत मुंबईच्या भायखळा तुरुंगांतील ऐंशींहून अधिक कैद्यांना, आणि त्या बहुतेक बायका होत्या, एकाएकीं मळमळ-उलट्या होऊन जे. जे. रुग्णालयांत न्यावें लागलें. तत्पूर्वीं पटकीचा रोगी आढळल्यामुळें प्रतिबंधक औषध वांटलेलें होतें. बाधा अन्नाची कीं औषधाची, अशी शंका तेव्हां बोलली गेली. शंकेचा निवाडा आम्ही करीत नाहीं. पण एकाच औषधाची शेंकडों माणसांना वांटणी करतांना कोण उपाशी आहे, कोण गरोदर आहे, कोणाला त्या औषधाचें वावडें आहे, हें आधीं पाहणारा औषधज्ञ असता, तर निदान ही शंका तरी उरली नसती. दुसरा प्रसंग फादर स्टॅन स्वामी यांचा. त्यांच्यावरील आरोपाच्या खरेखोटेपणाविषयीं येथें आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. ते कच्चे कैदी होते एवढें पुरे. ८३ वर्षांचा हा कंपवाताचा रोगी २०२० च्या ऑक्टोबरांत पकडला जाऊन तळोजाच्या तुरुंगांत आला. हात कांपत असल्यामुळें पाणी पिण्यासाठीं नळीचा पेला मिळावा म्हणून त्याला न्यायालयापर्यंत जावें लागलें. आणि ५ जुलै २०२१ रोजीं मुंबईच्या एका रुग्णालयांत त्याचा अंत झाला. कंपवातावरील लेव्होडोपा हें औषध घड्याळाकडे पाहून द्यावें लागतें. तास चुकला कीं रोग्याचें शरीर लांकूड होतें, आणि जेवणांतील डाळी-दुधाबरोबर घेतलें तर तें नीट लागूही पडत नाहीं. ज्या व्यवस्थेला साधा पेला ठरविण्यास न्यायाधीशाची गरज पडते, ती व्यवस्था औषधाचा तास आपण होऊन पाळील, असें कोणीं समजावें?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा: गांवांतल्या गरिबाला औषध मिळत नाहीं, मग गुन्हेगाराचे हे लाड कशाला? या बोलण्यांत गरिबाविषयीं कळवळा दिसतो खरा; पण हा कळवळा एरवीं कोठें असतो, हें आम्हांस कधीं कळलें नाहीं. सरकार गरिबाला औषध देत नसेल तर तो सरकारचा दोष आहे. त्या दोषाची भरपाई कैद्याचें औषध तोडून होत नाहीं. शिवाय दोघांत एक भेद आहे. गरीब मनुष्य उसनवार करतो, सावकाराचे पाय धरतो, शेगांवच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्याची वाट धरतो. कैद्याला यांतलें कांहींच करतां येत नाहीं. ज्यानें दार लावलें, त्यानेंच दाराआडच्या माणसाची जबाबदारी घेतली. न्यायालयानें माणसाचें स्वातंत्र्य काढून घेतलेलें असतें; त्याचें मूत्रपिंड काढून घेण्याची शिक्षा कोणत्याही दंडसंहितेंत लिहिलेली नाहीं. आणि ज्यांना दया नको, त्यांनीं निदान स्वार्थ पाहावा. कच्च्या कैद्याचा जामीन संध्याकाळीं मंजूर होतो, तो एस. टी.नें राजूर घाट उतरून घरीं जातो, आणि खिशांत क्षयाची एकही गोळी नसते. अर्धवट सुटलेला क्षय औषधाला दाद न देणारा होऊन त्याच्या लेकरांच्या छातींत शिरतो. कुलूप माणसाला अडवितें, जंतूला अडवीत नाहीं.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा आहे: तुरुंगांत औषधनिर्माता असतोच कीं! होय, मोठ्या तुरुंगांच्या मंजूर जागांत औषधनिर्मात्याचें नांव असतें, आणि ती जागा भरलेली असेल तेथें तो गृहस्थ मिळेल तेवढ्या साधनांत कामही करतो. त्याची निंदा आम्ही करीत नाहीं. पण त्याला सांगितलेलें काम कोठाराचें आहे: मागणी नोंदविणें, साठा मोजणें, मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या काढणें. कोठार सांभाळणाऱ्यानें रोगी पाहावा अशी त्याच्याकडून अपेक्षाच केलेली नाहीं; तेव्हां त्यानें तो पाहिला नाहीं तर दोष त्याचा नव्हे. आम्हांस हवें आहे तें त्याच्या कामाचें नांव बदलणें नव्हे, काम बदलणें.

तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या मानाचा. औषधावर दुसऱ्यानें बोट ठेवलें तर आमचा अधिकार काय राहिला, असें कांहीं डॉक्टरांना मनांतून वाटतें. पण जो गवंडी ओळंबा लावूं देत नाहीं त्याच्या भिंतीखालीं कोणी उभें राहत नाहीं. औषधज्ञ निदान करीत नाहीं, औषध बदलण्याचा हुकूमही देत नाहीं; तो दाखवून देतो, निर्णय डॉक्टरचाच राहतो. एकट्या डॉक्टरच्या माथ्यावरील ओझें त्यानें हलकें होतें. त्याचा मान उणा होत नाहीं.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे आणि तो सहसा उघड बोलला जात नाहीं. तो असा कीं, औषध ही तुरुंगांत धोक्याची वस्तु आहे. झोंपेच्या गोळ्यांचा व्यापार होतो, कैदी गोळ्या सांठवून आत्महत्या करतात, म्हणून औषधाची किल्ली पहाऱ्याकडेच असावी. यांतील भीति खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. कोणत्या कैद्याच्या हातीं आठवड्याचें औषध द्यावें, कोणाला समोर उभें करून गिळवावें, हें माणसागणिक ठरविण्याची रीत इंग्लंडच्या तुरुंगांत आहे. तेथें कैद्यांच्या औषधव्यवस्थेवर २००३ सालीं सरकारनें स्वतंत्र अहवाल काढला, आणि २००६ पर्यंत तुरुंगांचें आरोग्य तुरुंगखात्याकडून काढून राष्ट्रीय आरोग्यसेवेकडे सोपविलें गेलें. या शेवटल्या गोष्टींत सारें मर्म आहे. औषधज्ञ जेलरच्या हाताखालीं गेला, तर बराक शांत ठेवण्यासाठीं चार झोंपेच्या गोळ्या जास्त द्या, असें त्याला सांगितलें जाईल, आणि अडेल कैद्याची दुखण्यावरील गोळी आज राहूं द्या, असेंही सांगितलें जाईल. ब्रिटिश अंमलांत अनेक ठिकाणीं जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हाच जिल्हा-तुरुंगाचा अधीक्षक असे. बरें करणारा हात आणि कुलूप लावणारा हात एकाच खांद्याला जोडलेले. ती गांठ आम्हांस पुन्हां नको. संयुक्त राष्ट्रांनीं २०१५ सालीं मान्य केलेल्या 'नेल्सन मंडेला नियमां'तील २४ वा नियम कैद्याला बाहेरच्या समाजाइतकेंच उपचार मिळावेत असें म्हणतो, आणि २७ वा नियम बजावतो कीं उपचाराचा निर्णय वैद्यकीय मंडळींचाच, तुरुंगाच्या इतर अधिकाऱ्यांनीं तो फिरवूं नये वा डावलूं नये. म्हणून आमच्या औषधज्ञाचा पगार आणि त्याचा वरिष्ठ हे दोन्ही आरोग्यखात्याचे असले पाहिजेत.

शेवटचा आक्षेप खर्चाचा: एका जिल्हा-तुरुंगासाठीं इतक्या शिकलेल्या माणसाची नेमणूक म्हणजे नाकापेक्षां मोती जड. हा आक्षेप पूर्वीं कदाचित् टिकला असता. आतां टिकत नाहीं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं महाराष्ट्रांत ज्या १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत बुलढाण्याचें एक आहे. जिल्हा रुग्णालय बुलढाण्यासच आहे. चिखलीस फार्मसीचें शिक्षण मिळतें. तुरुंगही बुलढाण्यासच. मग तुरुंगासाठीं वेगळा माणूस ठेवा, असें आम्ही म्हणतच नाहीं. रुग्णालयाकडे एक औषधज्ञ नेमावा आणि त्याचे आठवड्यांतील दोन दिवस तुरुंगाच्या नांवानें लिहून द्यावेत; इतर दिवशीं तो रुग्णालयाच्या रोग्यांच्या उपयोगीं पडेलच.

त्या दोन दिवसांत त्यानें काय करावें, तेंही सांगतों. नव्या कैद्याला बाहेर कोणतीं औषधें चालू होतीं याची यादी त्यानें घरच्यांना किंवा गांवच्या दवाखान्याला विचारून तयार करावी; आणि तो हजर नसेल त्या दिवशीं कैदी आला, तर ही विचारपूस फोनवरून चोवीस तासांच्या आंत झालीच पाहिजे, कारण फेफऱ्याचें, मधुमेहाचें वा दारू सुटल्याचें संकट मंगळवार-शुक्रवार पाहून येत नाहीं. चालू असलेल्या प्रत्येक चिठ्ठीवरून त्यानें आठवड्यांतून एकदां नजर फिरवावी आणि शंका डॉक्टरला लेखी कळवावी. प्रत्येक कैद्याच्या नांवानें औषधाचा तक्ता असावा. गोळी दिली त्या वेळीं देणाऱ्यानें सही करावी आणि दिली नसेल तर कारण लिहावें. १८९४ च्या कायद्यानें जो अपवाद केला तो अशा रीतीनें भरून निघेल. आणि सुटणाऱ्या कैद्याच्या हातीं किमान दोन आठवड्यांचें औषध व त्याच्या गांवच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नांवें एक चिठ्ठी पडल्यावांचून फाटक उघडूं नये. यांत कोणतें यंत्र नाहीं, इमारत नाहीं. एक शिकलेला मनुष्य, एक तक्ता आणि तो तक्ता पाहण्याचा आग्रह, एवढेंच काय तें मागणें आहे.

आग्रह कोणीं धरावा, हा प्रश्न मात्र आमच्याकडे येतो. तुरुंगांना भेट देण्यासाठीं सरकारी अधिकाऱ्यांखेरीज प्रतिष्ठित नागरिकही नेमण्याची रीत आहे. असे गृहस्थ तुरुंगांत जातात, स्वयंपाकघरांतील आमटीचा घोट घेतात, वाचनालयास चार पुस्तकें देतात आणि वहींत समाधानाचा शेरा लिहून बाहेर पडतात. आमची त्यांना विनंति आहे कीं, आमटी चाखून झाल्यावर त्यांनीं कोणत्याही एका आजारी कैद्याचें नांव घ्यावें आणि तीनच गोष्टी विचाराव्या: याची चिठ्ठी कोठें आहे, काल त्याची गोळी कोणीं दिली, आणि दिल्याची सही दाखवा. या तीन प्रश्नांना उत्तर मिळालें तर समाधानाचा शेरा अवश्य लिहावा. मिळालें नाहीं, तर शेऱ्याच्या जागीं हे तीन प्रश्नच लिहून ठेवावेत. पुढच्या खेपेस येणाऱ्यानें तेच पुन्हां लिहावेत, आणि उत्तर येईपर्यंत हें थांबवूं नये.